‘निर्वसाहतीकरण’ लिहिण्याआधी

प्रिय,

तुझा लेख दोनदा वाचला. बारा पानांत ‘निर्वसाहतीकरण’, म्हणजे परक्या सत्तेचा पगडा उतरवणं, हा शब्द एकतीस वेळा आलाय. पेन्सिलनं खुणा करत गेलो म्हणून आकडा ठाऊक. अभ्यासक्रमाचं, संग्रहालयाचं, मनाचं, शेवटी तर ताटाचंही! (ताटाचं करायला गेलीस तर मिरची, बटाटा आणि काजू पोर्तुगीजांना परत करावे लागतील. तो परिच्छेद काढ.) तळमळ खरी आहे, पण मी प्रत्येक खुणेपाशी अडलो: कुणाचं काय गेलं होतं, आणि ते आता कुणाच्या हातात आलं?

विषय गोव्याचा घेतलायस, तर तिथंच बघ. पोर्तुगालनं १९५१मध्ये घटना बदलून ‘वसाहती’ हा शब्दच पुसला आणि ‘सागरापलीकडचे प्रांत’ असं नाव दिलं. वसाहतच नाही म्हटल्यावर सोडायचं काय? डिसेंबर १९६०मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ही मखलाशी अमान्य केली आणि पोर्तुगालच्या ताब्यातल्या स्वयंशासन नसलेल्या प्रदेशांत गोव्याचंही नाव घातलं. १९ डिसेंबर १९६१ला पोर्तुगीज सत्ता गेली. राजकीय अर्थानं काम तिथं झालं. त्याला गोव्यात ‘मुक्ती’ म्हणतात. तुझ्या लेखात तो शब्द एकदाही नाही.

गोव्यात डिचोलीकडं एका घरी मी उतरलो होतो. तिथल्या आजींनी पत्र्याच्या ट्रंकेतून एक पोर्तुगीज कागद काढला. कडा वाळवीनं खाल्लेल्या, घरात कुणालाच वाचता येईना. घर त्यांचं, खालची जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची; त्या मुंडकार, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या. मी पाखल्यांबद्दल, म्हणजे पोर्तुगीजांबद्दल विचारत राहिलो, त्या भाटकाराबद्दल बोलत राहिल्या. भाटकार काही लिस्बनहून आलेला नव्हता, गावचाच होता. मुंडकारांना घरातून हुसकावता येऊ नये म्हणून कायदा झाला तो १९७५मध्ये, मुक्तीनंतर चौदा वर्षांनी. आता आजींची मुक्ती कुठल्या सालची धरायची?

भाषेचं प्रकरण तू एका ओळीत उरकलंस, आणि नेमकं तिथं आपलं मराठीपण आडवं येतं. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात गोव्याचं महाराष्ट्रातलं विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं. माझ्या वडिलांना विलीनीकरण म्हणजे मुक्तीचीच पुढची पायरी वाटायची. कोंकणी ही मराठीची बोली, असं ते सहज म्हणायचे. ते कुणाला टोचत असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. गोव्यातल्या कितीतरी हिंदू घरांत लिहिण्यावाचण्याची, कीर्तनाची भाषा मराठीच होती, हेही तितकंच खरं. पुढं १९८७च्या कायद्यानं देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, तर कोंकणी रोमी (रोमन) लिपीत लिहिणारे विचारू लागले, आमचं काय? तू ‘भाषेचं निर्वसाहतीकरण’ म्हणतेस तेव्हा यातल्या कुणाच्या बाजूनं बोलतेस?

ऑस्ट्रेलियाचा उल्लेख असाच सोडू नकोस. तिथं गोरे गेलेच नाहीत, त्यामुळं मूळ रहिवाशांच्या तोंडी हा शब्द आला की मागोमाग जमीन येतेच. आणि मनाबद्दल लिहायचंच असेल तर केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांचं उदाहरण घे. इंग्रजीत नाव झाल्यावर ते गिकुयूकडं, आपल्या मातृभाषेकडं वळले, गिकुयूतल्या नाटकानंतर तुरुंगातही गेले. एवढी किंमत मोजलेल्या माणसाचा शब्द आहे तो, फुकटात वापरू नये.

एकतीसपैकी पाच-सहा ठेव, बाकी ठिकाणी काय झालं ते साध्या मराठीत लिही. डिचोलीला जायचं ठरलं तर कळव, आजींच्या सुनेशी बोलून ठेवतो. जाताना पोर्तुगीज येणारं कुणी सोबत ने. तो कागद अजून त्यांना कुणी वाचून दाखवलेला नाही.

तुझा,
सर