'मॅजेस्टिक १२' नावाने फिरणारी उडत्या तबकड्यांविषयीची अमेरिकी 'गोपनीय' कागदपत्रे खरी आहेत का? ती कशी तपासावीत?

नाही, पडलेल्या तबकड्यांचा तपास करण्यासाठी ट्रुमन यांनी 'मॅजेस्टिक १२' ही गुप्त समिती नेमली असा दावा करणारी ही कागदपत्रे बनावट आहेत, आणि हे ठरवण्यासाठी परग्रहवासीयांबद्दल काहीही मत असण्याची गरज नाही, कारण निकाल मजकुरावर नव्हे तर कागदावर लागतो. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या २४ सप्टेंबर १९४७ च्या कथित आदेशावरची सही, त्यांनी १ ऑक्टोबर १९४७ रोजी शास्त्रज्ञ व्हॅनेव्हर बुश यांना लिहिलेल्या खऱ्या पत्रातल्या सहीशी, पेन घसरून उमटलेल्या बारीक रेघेसह तंतोतंत जुळते. माणसाच्या दोन सह्या इतक्या एकसारख्या कधीच येत नाहीत, म्हणून ती छायाप्रतीवरून उचललेली आहे, असेच मानावे लागते. शिवाय हे कागद १९८४ मध्ये एका चित्रपट निर्मात्याला निनावी टपालाने, न धुतलेल्या फिल्मच्या रूपात मिळाले. मूळ प्रत कोणीच पाहिलेली नाही, त्यामुळे शाई किंवा कागद तपासण्याची सोयच उरत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात १९८५ मध्ये सापडलेले १४ जुलै १९५४ चे, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचे सुरक्षा सल्लागार रॉबर्ट कटलर यांच्या नावचे टिपणही असेच संशयास्पद आहे: त्यावर नोंदणी क्रमांक नाही, सही नाही, त्या काळच्या कार्यालयीन कागदावरचा जलचिन्हाचा (उजेडात धरल्यावर दिसणारा) गरुड नाही, आणि कटलर त्या दिवशी परदेश दौऱ्यावर होते. मात्र शेवटचा मुद्दा एकट्याने पुरेसा नाही, कारण टिपण हाताखालचा अधिकारीही पाठवू शकतो. इतर उणिवांसोबतच त्याला वजन येते.