रविवारच्या माळावर मैथिलीला जाऊ द्या

प्रश्न : माझी मुलगी मैथिली नववीत आहे. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर एका मोकळ्या माळावर दर रविवारी सकाळी काही जण रिमोटची विमानं उडवतात. दोन महिने ती वडिलांच्या मागे लागून बघायला जाते. आता त्या क्लबवाल्यांनी तिला सभासद व्हायला सांगितलं आहे. सगळे पुरुष, बरेचसे पन्नाशीचे, मुलगी एकही नाही. रविवारी नऊला तिचा गणिताचा क्लास असतो. विमानाला वीसेक हजार लागतील असं कोणीतरी ह्यांना सांगितलं. आमचं किराण्याचं दुकान आहे. तिला पायलट व्हायचंय. त्यासाठी या क्लबचा उपयोग होईल, की नुसताच खर्च आणि वेळ?
– एक आई, नाशिक

उत्तर :

ताई, पाठवा. पण पायलट होण्यासाठी म्हणून पाठवू नका. रिमोटचं विमान तिने कितीही उडवलं तरी त्यातला एक तासही परवान्यासाठी धरत नाहीत. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला खऱ्या विमानाचं २०० तासांचं उड्डाण लागतं, वय १८ पूर्ण लागतं आणि आजच्या घडीला खर्च ५० लाखांच्या आसपास किंवा त्याहून वर जातो. त्या पैशांचा विचार बारावीच्या सुमाराला करू. आत्तापासून त्याची धास्ती घेऊन घरात बोलणी नकोत, मुलांच्या कानावर ती पडतात आणि मग मुलं इच्छाच बोलून दाखवेनाशी होतात.

मग पाठवायचं कशासाठी? नववीतल्या मुलांना विमानाच्या जगातला पायलट तेवढा माहीत असतो, कारण दिसतो तोच. माळावर तिला बाकीची कामं हाताळायला मिळतील. पंखाचा आकार ठरवून कापणं, मोटरच्या वायरी डाग देऊन जोडणं, वाऱ्याची दिशा बघून कुठल्या टोकाकडून सोडायचं ते ठरवणं, एकाचं विमान उतरत असताना बाकीच्यांना ओरडून बाजूला करणं. सहा महिन्यांत तिचा हात आपोआप कुठल्या कामाकडे जातो, ते तुम्हालाच दिसेल. माझ्याकडे असाच एक मुलगा यायचा, पायलटशिवाय दुसरं नाव घेत नसे. क्लबात गेल्यावर तो उडवण्यापेक्षा इतरांची मोडलेली विमानं जोडण्यात रमला. आज तो विमान देखभालीचं शिक्षण घेतोय आणि खुशीत आहे.

वीस हजार अजिबात काढू नका. पहिलं विमान थर्माकोलचं किंवा बाल्सा नावाच्या अगदी हलक्या लाकडाचं, हाताने फेकायचं. दीड-दोनशे रुपयांत होतं. तिला म्हणावं, दोन्ही पंखांखाली एकेक बोट धरून आधी त्याचा तोल बघ. पंखाच्या पुढच्या कडेपासून मोजलं तर रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर तो यायला हवा. मागे गेला तर विमान नाक वर करतं, हवेत थबकतं आणि धपकन खाली येतं. फार पुढे आला तर सरळ नाकावर आपटतं. नाकाला चिकणमातीची एवढीशी गोळी लावायची, पुन्हा फेकायचं, थोडी काढायची, पुन्हा फेकायचं. बल आणि गुरुत्वमध्य तिला विज्ञानाच्या पुस्तकापेक्षा या गोळीने जास्त चांगले कळतील. प्रत्येक वेळी किती पावलं उडालं ते वहीत लिहायला लावा. ही वही मला फार महत्त्वाची वाटते.

हे जमलं की रिमोट. त्याचाही सराव आधी कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर करता येतो, तिथे विमान मोडलं तर पैसे जात नाहीत. सुरुवातीला सगळ्यांचीच एक गफलत होते. विमान लांब जात असतं तोवर उजवी म्हणजे उजवीच. ते वळून आपल्याकडे यायला लागलं की रिमोटवर उजवीकडे केलं तर ते आपल्या डावीकडे झुकतं. डोक्याला हे वळण लागायला काही आठवडे जातात. म्हणून शिकताना दोन रिमोट जोडतात. उस्तादाने हातातला स्विच सोडला की विमानाचा ताबा त्याच्याकडे जातो. क्लबवाले याला बडी बॉक्स म्हणतात. ही सोय त्यांच्याकडे आहे का, हे सभासद होण्याआधीच विचारा. वर्षभर तिने क्लबच्या विमानावर शिकावं. स्वतःचं विमान लागलंच तर पन्हळी प्लास्टिकच्या शीटचं तिने स्वतः बांधावं. ते पडणार, मोडणार. त्या दिवशी घरी आल्यावर रागावू नका आणि लगेच नवं आणूनही देऊ नका. टेबलावर तुकडे मांडून ती काय करते ते बघा.

आता जागेबद्दल, कारण तुम्ही नाशिकच्या आहात. ओझरला एचएएलचा (लढाऊ विमानं बांधणाऱ्या सरकारी कंपनीचा) विमानतळ, नाशिकमधल्याच गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टरांचा तळ, देवळालीला तोफखान्याचं केंद्र. रिमोटची विमानंही ड्रोन नियम २०२१ खाली येतात. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर जागा हिरव्या क्षेत्रात असेल तर ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, मात्र चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. पिवळ्या क्षेत्राला हवाई वाहतूक नियंत्रकाची आणि लाल क्षेत्राला केंद्र सरकारची परवानगी हवी. तो माळ कुठल्या रंगात येतो, असं क्लबच्या प्रमुखाला थेट विचारा. चांगला क्लब हे उत्तर तोंडपाठ सांगतो. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा क्लब शोधा. शिवाय लष्करी तळाच्या कुंपणापाशी फोटो काढायचे नाहीत, हे मैथिलीला आत्ताच समजावून सांगा. विमानवेड्या मुलांचा हात मोबाइलकडे पटकन जातो.

घरात दोनच गोष्टींचा कडक नियम करा. लिथियमची बॅटरी चार्जिंगला लावून कोणी घराबाहेर जायचं नाही आणि फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही, ती पेट घेते. दुसरं, बॅटरी जोडलेली असताना पंख्याच्या पुढे बोट न्यायचं नाही. छोट्या मोटरचा पंखाही बोट कापतो.

शिक्षणाचं थोडक्यात. अकरावीला सायन्स घेतलं तर गणित आणि फिजिक्स सोडू देऊ नका, या क्षेत्राच्या बहुतेक वाटांना दोन्ही लागतात. हवाई वाहतूक नियंत्रक व्हायचं तरी बी.एस्सी.ला हे दोन विषय हवेत किंवा इंजिनिअरिंग हवं. कॉलेजात एनसीसीची एअर विंग असेल तर जरूर घ्यावी, तिथे एरोमॉडेलिंगही, म्हणजे छोटी विमानं बांधणं-उडवणंही, शिकवतात. हवाई दलात जायची इच्छा झाली तर एनडीए, म्हणजे बारावीनंतर सैन्याधिकारी घडवणारी प्रबोधिनी, मुलींना खुली आहे. २०२२ मध्ये १९ मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये १७ जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. त्या परीक्षेची तयारी करून घेणारी मुलींची सरकारी संस्था तुमच्या नाशिकमध्येच आहे, तिची प्रवेश प्रक्रिया दहावीत असतानाच बघायला लागा. आणि एकदा डोळे तपासून घ्या. चष्मा असला तरी नागरी वैमानिक होता येतं, पण रंग ओळखण्यात अडचण असेल तर ती आधीच कळलेली बरी.

क्लासची अडचण मला मोठी वाटत नाही. वारा सकाळी पडलेला असतो, ऊन चढलं की माळावर झोत उठतात आणि हलकी विमानं सांभाळेनाशी होतात. त्यामुळे नवशिक्यांनी लवकरच उडवावं. साडेसहाला जाऊन साडेआठला निघाली तर नऊचा क्लास गाठता येईल.

राहिली मुलगी एकटी असण्याची गोष्ट, आणि पत्रात तुम्हाला खरी काळजी त्याचीच आहे असं मला जाणवलं. ती रास्त आहे. भारतात वैमानिकांमध्ये सुमारे १५ टक्के स्त्रिया आहेत, जगाच्या सरासरीच्या कितीतरी वर. म्हणजे पुढे तिला सोबत मिळेल. पण आज त्या माळावर ती एकटीच असेल. तिच्या वर्गातली एखादी मैत्रीण येते का बघा. शिकवणारा कोण, त्याचं नाव आणि फोन आधीच घ्या. आणि पहिले चार रविवार वडिलांनी दुकान सांभाळावं, माळावर तुम्ही जा. लांब सावलीत बसू नका. विमानं ठेवतात त्या टेबलापाशी उभ्या राहा, नावं विचारा, हे काय, ते कशासाठी, असं विचारत राहा. ते लोक मैथिलीशी कसे बोलतात ते तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल. आणि हाताने फेकायचं एक विमान तुम्हीही फेकून बघा.