वंगणाची प्रश्नोत्तरे : ग्रीसमधील ग्राफीन

प्रश्न : पुरवठादाराने आमच्या कारखान्यात ग्राफीनयुक्त ग्रीस आणून दाखवले. साध्या ग्रॅफाइट ग्रीसहून त्यात निराळे काय असते? (देखभाल विभागातील वाचक, मकरपुरा, बडोदे)

उत्तर : ग्रॅफाइट ही कार्बनच्या थरांची चवड असून तिच्यातील दोन थरांमध्ये सुमारे ०.३३५ नॅनोमीटर अंतर असते. त्यातील एकच थर सुटा केला की ते ग्राफीन. २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाईम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी चक्क चिकटपट्टीच्या साहाय्याने तो वेगळा केला आणि २०१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवले. बाजारात या नावाने मिळणारी भुकटी मात्र पुष्कळदा अनेक थरांच्या पापुद्र्यांची असते, म्हणून थर किती आहेत हे लेखी मागावे.

जेथे तेलाचा पडदा तुटून धातू धातूला टेकतो, तेथे हे पापुद्रे पृष्ठभागावर बसून घर्षण व झीज कमी करतात. सावकाश फिरणारे, जड भाराचे, वारंवार थांबून सुरू होणारे किंवा नुसतेच मागेपुढे हलणारे सांधे ही त्यांची खरी जागा. वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये पडदा अखंड असेल, तर काम तेलाच्या चिकटपणावर चालते आणि ग्राफीनला करण्यासारखे फारसे उरत नाही.

प्रश्न : भुकटी विकत आणून ती आमच्या नेहमीच्या लिथियम ग्रीसमध्ये आम्हीच मिसळली तर पैसे वाचतील का? (लघुउद्योजक, वाघोडिया)

उत्तर : कृपया असे करू नका. पापुद्रे एकमेकांना ओढून घेतात आणि हाताने कितीही घोटले तरी त्यांच्या गुठळ्या राहतात. बेअरिंगच्या दृष्टीने अशी गुठळी म्हणजे कचराच. ग्रीस बनवणारे लोक ओलेइक आम्लासारख्या पदार्थाने पापुद्र्यांच्या पृष्ठभागावर प्रक्रिया करतात, ते आधी तेलात विखुरतात आणि मग सारे मिश्रण तीन रुळांच्या गिरणीतून काढतात. तुमच्याकडे डबा आणि पळी असणार. त्यातच ग्रीसमध्ये तेल धरून ठेवणारे (तुमच्या ग्रीसमध्ये लिथियम) साबणाचे तंतू जास्त घोटल्याने तुटतात. घट्टपणाच्या श्रेणीतील २ क्रमांकाच्या ग्रीसचे, ठरावीक घोटणीनंतरचे, शंकुभेदन (प्रमाणित शंकू ग्रीसमध्ये किती खोल रुततो त्याचे, मिलिमीटरच्या दहाव्या भागांतले माप) २६५ ते २९५ असावे लागते. ते वाढले की ग्रीस पातळ होऊन सीलमधून गळू लागते, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तर लवकरच.

प्रमाणाबाबतही गैरसमज आहे. वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी ग्राफीन बहुधा पुरते आणि योग्य मात्रेपलीकडे गेल्यास गुठळ्या वाढून घर्षण उलट चढते. शिवाय ही भुकटी श्वासावाटे आत जाऊ देण्याजोगी नाही.

प्रश्न : चार गोळ्यांच्या चाचणीत झिजेचा व्रण लहान आला, तर बेअरिंगचे आयुष्य त्याच पटीत वाढेल असे म्हणता येईल का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कलाभवन)

उत्तर : नाही. प्रचलित चाचणीत १२.७ मिलिमीटर व्यासाच्या तीन स्थिर गोळ्यांवर चौथी गोळी ४० किलो भाराखाली, ७५ अंश सेल्सिअसला, मिनिटाला १२०० फेरे या वेगाने एक तास घासली जाते. हे घासणे आहे. बेअरिंगमधील गोळ्या मुख्यतः लोळतात आणि पुष्कळदा धातूच्या थकव्याने निकामी होतात. तरी चाचणी निरुपयोगी नाही. तेच ग्रीस ग्राफीनविना कसे ठरले, हा आकडा शेजारी ठेवला तरच ती बोलते; विक्रेत्यांच्या तक्त्यांत नेमका तोच रकाना नसला, तर माझा विश्वास डळमळतो.

प्रश्न : मोटरचे ६३१० क्रमांकाचे बेअरिंग तापते. ग्राफीन उष्णता उत्तम वाहते म्हणतात, तर ते वापरून बेअरिंग थंड होईल का? (वाचक, नंदेसरी)

उत्तर : ग्राफीनचा थर उष्णतेचा उत्तम वाहक आहे, पण एक टक्का ग्राफीन घातलेले ग्रीस हे शेवटी ग्रीसच. आधी प्रमाण तपासा. बाहेरचा व्यास गुणिले रुंदी गुणिले ०.००५ या रूढ सूत्राने ११० व २७ मिलिमीटरच्या या बेअरिंगला पुनर्भरणाच्या वेळी सुमारे १५ ग्रॅम ग्रीस पुरते, आणि आपल्याकडे मात्र हात दुखेपर्यंत गन दाबण्याची पद्धत आहे! जादा ग्रीस घुसळले जाऊनच उष्णता निर्माण होते. मोटरमध्ये मुळात पॉलियुरिया ग्रीस (साबणाऐवजी पॉलियुरियाने घट्ट केलेले) असेल, तर त्यावर लिथियम ग्रीस भरण्यापूर्वी दोन्हींचे जुळते का हे उत्पादकाकडून विचारून घ्या. न जुळल्यास मिश्रण पातळ होऊन वाहून जाते आणि त्यात ग्राफीन असले काय, नसले काय, बेअरिंग कोरडेच पडते.