चादर ते स्वतः का धुतात?

प्रश्न : ताई, माझे यजमान ६६ वर्षांचे आहेत. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतात. दिवा लागतो, दार वाजतं, माझ्या झोपेचं खोबरं होतं. धार बारीक झालीये, आत गेले की लवकर बाहेर येत नाहीत. डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणतात, “वयाप्रमाणे चालायचंच. लघवी होतेय ना? मग झालं.” संध्याकाळनंतर पाणीही पीत नाहीत. एरवी स्वभावाने चांगले आहेत, हल्ली तर सकाळी माझ्या आधी उठून आपल्या कॉटवरची चादरही धुऊन टाकतात. मी आता दुसऱ्या खोलीत झोपायचं ठरवलंय. माझं चुकतंय का? – झोपेला पारखी

उत्तर : तुमच्या झोपेचं नंतर बघू. आधी त्या चादरीचं बोलू.

याआधी कधी धुतली होती त्यांनी चादर? नसणार, म्हणून तर तुम्हाला त्याचं कौतुक वाटलं. अहो, तुम्ही उठायच्या आत धुवायची घाई कशाला असते? ती ओली होत असणार आणि हे त्यांना मेलं तरी तुम्हाला सांगता येत नाही. रोज शेजारी असून तुम्हाला शंका आली नाही, याचा मला राग येतोय.

बारीक धार, सुरू व्हायला वेळ, रात्रीचं उठणं ही वाढलेल्या प्रोस्टेटची नेहमीची लक्षणं. ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली मूत्रनलिकेभोवती असते. ती वाढली की वाट अरुंद होते. पन्नाशीनंतर पुष्कळांना हे होतं, तो काही कॅन्सर नव्हे आणि त्यातून कॅन्सर होतही नाही. इथपर्यंत यजमानांचं “चालायचंच” मी एकवेळ ऐकून घेतलं असतं. पण या वयात नव्याने झोपेत कपडे ओले व्हायला लागले, तर मूत्राशय रिकामं होतच नसेल अशी शंका घ्यावी लागते. टाकी काठोकाठ भरली की वरून सांडते, तसं ते. हळूहळू तुंबत गेलं की दुखतही नाही, म्हणून माणूस “होतेय ना” म्हणत राहतो. आणि मागे दाब वाढून किडनी खराब होत असते. दुसरंही कारण निघेल, मधुमेह किंवा जंतुसंसर्ग. ते तपासल्यावर कळेल. पाणी तोडल्याने मात्र यातलं काहीच सुटत नाही.

तेव्हा खोली बदलायची नाही. याच आठवड्यात त्यांना युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रविकारांच्या डॉक्टरांकडे न्यायचं. लघवी आणि साखर तपासतील, किडनीसाठी रक्तात क्रिएटिनिन बघतील आणि सोनोग्राफी करतील. लघवी करून आल्यावर आत किती उरली, हे सोनोग्राफीत मोजता येतं. ते मोजायला आवर्जून सांगा. पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी आणि गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट तपासणं, हे करायचं का ते डॉक्टर ठरवतील. लगेच ऑपरेशनच सांगतील, या भीतीने अडून बसले असतील तर सांगा की पुष्कळांचं गोळ्यांवर भागतं. अर्थात लघवी खरंच तुंबलेली निघाली, तर आधी नळी घालून ती मोकळी करावी लागेल. किडनी वाचवायची तर त्याला नाही म्हणू देऊ नका.

मधल्या दिवसांत सर्दीची गोळी परस्पर देऊ नका, त्यातल्या काहींनी लघवी अडते. आणि लघवी अजिबात होईना, ओटीपोट टम्म झालं, थंडी वाजून ताप आला किंवा लघवीत रक्ताच्या गाठी दिसल्या, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता रात्री-अपरात्रीही हॉस्पिटल गाठा.

चादरीचा विषय मुलांसमोर काढू नका. दोघंच असताना म्हणा, “मला कळलंय, उद्या जाऊ.” वाद घालत बसू नका, नंबर लावून मोकळ्या व्हा. तपासणीच्या वेळी तुम्ही आत बसा. धार बारीक झाल्याचं, रात्री उठावं लागतं ते यजमान सांगतील. चादरीचं ते सांगणार नाहीत. ते तुम्ही सांगायचं.