शेजाऱ्यांची मोकळी कुत्री कोंबड्या मारतात, मांजरालाही धरलं. काय करावं?

तुमचा प्रश्न वाचला. शेजारची दोन कुत्री दिवसभर मोकळी, महिन्याभरात बारापैकी पाच कोंबड्या गेल्या, परवा मांजराला धरलं, शेजारी म्हणतात "आमची कुत्री तशी नाहीत", आणि गावातल्या कुणीतरी भाकरीत थायमेट (शेतातलं जहाल कीटकनाशक) घालून टाकायला सांगितलंय.

आधी मांजराचं बघा. दात लागले असतील तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटं धुवा. मांजर ओरबाडणारच, म्हणून त्याला जाड टॉवेलात गुंडाळा आणि आजच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. नेणं जमत नसेल तर १९६२ या नंबरवर फोन करून बघा. हळद भरून घरी ठेवू नका. कुत्र्याचा सुळा खोल जातो, वरून एवढंसं भोक दिसतं, दोन दिवसांत कातडी मिटते आणि आत पू धरतो. शिवाय रेबीजची भीती आहेच. चावल्यानंतरची लस एका इंजेक्शनात संपत नाही, डॉक्टर तारखा लिहून देतात, त्यातली एकही चुकवू नका. आणि सोडवताना तुम्हाला कुत्र्याचा दात किंवा मांजराचं नख लागलं असेल तर तुम्हीही प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन या. याला उद्या-परवा म्हणू नका.

आता त्या थायमेटबद्दल. कृपा करून ते करू नका. टाकलेला तुकडा कोण उचलेल हे आपल्या हातात राहत नाही. कावळा उचलतो, मुंगूस उचलतं, तुमचंच मांजर उचलतं, तुमच्याच उरलेल्या कोंबड्या चोच मारतात. आमच्या वाडीत एकदा असं झालं होतं. ज्या कुत्र्यासाठी घातलं ते हिंडत राहिलं आणि तिसऱ्याच घरचं मेलं. त्या दोन घरांचं अजून बोलणं नाही. कायद्यानेही हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम ३२५ प्रमाणे जनावराला मारणं, विष घालणं, लुळंपांगळं करणं याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आज तुमची बाजू खरी आहे. विष घातलंत की ती जाईल.

हे मी लांबून सांगत नाहीये. आमचं घर राजापूर तालुक्यात. मागे परडं म्हणजे घरामागची मोकळी जागा, तिच्या एका बाजूला जांभ्याचा गडगा (दगड रचून केलेलं कुंपण), बाकी वई (काट्याकुट्यांचं कुंपण). २०२१ च्या डिसेंबरात सकाळी सातला खुराडं उघडून मी आत आले आणि चुलीवर पाणी ठेवलं. घार आली की कोंबडा एक लांब ओढलेला आवाज काढतो आणि सगळ्या झाडाखाली शिरतात, तो आवाज आम्हाला ओळखीचा. त्या दिवशीचा आवाज तसला नव्हता. एकदम कालवा झाला आणि तसाच तुटला. बाहेर आले तर दवाने भिजलेल्या गवतावर पिसं चिकटलेली, चार कोंबड्या चार दिशांना पडलेल्या, आणि शेजारच्या तात्यांचा तांबडा कुत्रा पाचवी तोंडात धरून झिंजाडत होता. मी पत्र्याच्या डब्यावर काठी आपटली तसा टाकून पळाला. पाचांतली एकही खाल्लेली नव्हती.

माझी एक खुडूक (अंडी उबवायला बसणारी) कोंबडी अकरा अंड्यांवर बसलेली होती, सतरावा दिवस चालू होता. ती दिवसातून एकदा दाणा-पाण्याला उठायची, नेमकी तेव्हाच उठली होती. तासाभराने ती लाकडांच्या माचामागे सापडली. पाठीची कातडी पिसांसकट सोलून आतलं मांस दिसत होतं, आणि ती आवाजसुद्धा न करता माझ्याकडे बघत होती. कोमट मिठाच्या पाण्याने पाठ धुतली, अंधाऱ्या जागी डालग्याखाली ठेवली, दुपारी डॉक्टरांकडे नेली. जगली ती, पण पुन्हा कधी अंड्यांवर बसली नाही.

"एकही खाल्लेली नव्हती" हे लक्षात ठेवा, कारण शेजाऱ्यांशी बोलताना त्याचा उपयोग होतो. घरची भाकरी खाऊन पोट भरलेलं कुत्रंही कोंबडी मारतं. पळणारी, फडफडणारी वस्तू दिसली की ते मागे लागतं, ती थांबली की दुसरीच्या मागे. दोन कुत्री असली की एकमेकांना जोर चढतो, म्हणून नुकसान दुप्पट नाही, त्याच्याही वर होतं. त्यामुळे "आम्ही त्यांना उपाशी ठेवत नाही" हे शेजाऱ्यांचं म्हणणं खरं असूनही कुत्री तुमच्या कोंबड्या मारत असतील. "आमची कुत्री तशी नाहीत" हेही ते खोटं बोलत नसतील, कारण त्यांच्या अंगणात ती पोरांच्या पायाशी लोळतात.

पण आधी खात्री करा की हे कुत्र्यांचंच काम आहे. मुंगूस शक्यतो मान आणि डोकं धरतं. रानमांजर, कोल्हा कोंबडी उचलून नेतात, मागे थोडी पिसं राहतात. कुत्र्याने मारलेल्या बहुतेक जागच्या जागी पडलेल्या असतात, पाठीवर आणि मांडीवर चावे, अंग लाळेने ओलं. मोबाइलवर फोटो काढा, तारीख-वेळ आपोआप राहते. कुत्री परड्यात असतानाचा एखादा व्हिडिओ मिळाला तर फारच बरं. आणि मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर टाकू नका, खाऊही नका. खोल पुरून वर दगड ठेवा, नाहीतर तीच कुत्री उकरून काढतील आणि त्यांची चटक आणखी वाढेल.

आता शेजाऱ्यांशी बोलणं. मी पहिल्या दिवशी चूक केली. मेलेली कोंबडी हातात घेऊन तात्यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात गेले आणि चार माणसांसमोर ओरडले. तात्या काही बोलले नाहीत, घरात निघून गेले. बाहेर आल्या त्या त्यांच्या घरच्या काकी. मी रडत होते, आणि मध्येच मला अंड्यांची आठवण झाली, गार पडत असतील म्हणून. मी ते बोलले मात्र, काकींनी विचारलं, "कितवा दिवस?" सतरावा म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "आण लवकर, माझी एक खुडूक बसलीय." मी धावत जाऊन अंडी पदरात घालून आणली. त्यांनी ती अंधाऱ्या कोपऱ्यात आपल्या कोंबडीच्या पोटाखाली एकेक करून सरकवली. चार दिवसांनी अकरातली सात फुटली.

ती पिल्लं काकींच्या पडवीत वाढली. तांबड्या कुत्र्यापासून त्यांना राखायची वेळ काकींवर आली, तेव्हा पहिल्यांदा आमचं नीट बोलणं झालं. तात्या कुत्री मोकळी का सोडतात हे मला तेव्हा कळलं: वानरांसाठी. वानर कौलं फोडतात, पपया, केळी, काजूचा मोहोर, काही ठेवत नाहीत. कुत्रा बांधला की वानरांची टोळी छपरावर. मी "कुत्रा बांधा" एवढंच म्हणत राहिले असते तर त्यांना ते कधीच पटलं नसतं, आणि त्यांच्या जागी मलाही पटलं नसतं.

मग वेळा वाटून घेतल्या. वानरांचा जास्त त्रास सकाळचा, म्हणून सकाळी कुत्री मोकळी आणि माझ्या कोंबड्या जाळीत. दुपारी तीन ते दिवेलागण कोंबड्या परड्यात, कुत्री तात्यांच्या पडवीत साखळीला. रात्री दोन्ही आत. रात्रीचं त्यांना पटायला वेळच लागला नाही, कारण आमच्याकडे बिबट्या वाडीत येतो तो बहुतेक कुत्र्यासाठीच येतो. कोंबड्या उशिरा सोडायचा मला एक फायदाही झाला. कोंबडी अंडं घालते ते बहुतेक सकाळीच, म्हणून आता अंडी जाळीतल्या टोपलीत मिळतात. पूर्वी वईत, पेंढ्यात शोधत फिरावं लागायचं.

तुमचे शेजारी कुत्री का सोडतात ते विचारा. रानडुक्कर असेल, चोरांची भीती असेल, किंवा साखळी-पट्टा घेण्याचाच कंटाळा असेल. कारण कळलं की मधला रस्ता दिसतो. घरातल्या एखाद्या काकी-वहिनीशी बोला, संध्याकाळी, हातात मेलेली कोंबडी न घेता.

बोलणं होवो न होवो, जाळी मात्र कराच. शेजारी उद्या कबूल झाले तरी एखादे दिवशी साखळी सुटणारच. षटकोनी भोकांची पातळ कोंबडी-जाळी कोंबडी आत ठेवते, कुत्र्याला थांबवत नाही. कुत्रा ती दाताने फाडतो. वेल्डमेश किंवा जाड तारेची जाळी घ्या, उंची पाच-सहा फूट. खरी जागा खालची. कुत्रा उडी मारण्याआधी जाळीच्या बुडाशी उकरतो. म्हणून जाळी जमिनीशी संपवू नका, बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट आडवी पसरा आणि वर चिरे किंवा दगड मांडा. कुत्रा जाळीच्या अगदी कडेशी येऊन उकरतो, पंजा जाळीत अडकतो, आणि दोन फूट मागे सरून उकरायचं त्याला सहसा सुचत नाही. खुराड्याच्या दाराला नुसती फिरकी नको, कडी लावून तिच्यात खिळा अडकवा. आणि हाताशी पैसा थोडाच असेल तर आधी रात्रीच्या खुराड्याला खर्च करा, मग दिवसाच्या परड्याला.

मांजरासाठी एवढंच करा: पडवीत किंवा माळ्यावर चढायला एक तिरकी फळी कायमची लावून ठेवा आणि रात्री ते घरात घ्या. चढायला जागा असली की मांजर बहुतेक वेळा सुटतं, मोकळ्या अंगणात मात्र सापडतं.

कुत्रा कोंबडी धरताना समोरच सापडला तर त्याच्या तोंडात हात घालू नका, कोंबडी ओढूही नका. बादलीभर पाणी तोंडावर मारा, पत्रा वाजवा, ओलं पोतं टाका. मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधली की खोड मोडते असं जुनी माणसं सांगतात. त्याने खोड मोडत नाही, कुत्र्याचे हाल होतात. पिल्लू असल्यापासून कोंबड्यांत वाढलेला कुत्रा सहसा त्यांच्या मागे लागत नाही हे खरं, पण चटक लागलेल्या मोठ्या कुत्र्याला कोंबड्यांत एकटं सोडायचं नाही, कितीही शिकवला तरी. नसबंदीने नराचं भटकणं कमी होतं, लस आणि नसबंदी शेजाऱ्यांना जरूर सुचवा. कोंबडीमागे धावणं मात्र त्याने जात नाही.

आणि शेजारी ऐकतच नसतील तर? तोंडी तीनदा सांगून झालं की ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या, फोटो जोडा, पोच घ्या. तुमच्या गावात तंटामुक्त समिती जागी असेल तर तिथे न्या, २००७ मध्ये ती मोहीम सुरू झाली ती असल्याच भांडणांसाठी. पोलिसांत जाण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये जनावर नीट न सांभाळल्याबद्दल ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, पण ते माणसाच्या जिवाला किंवा माणसाला गंभीर इजा होण्याच्या धोक्याबद्दल आहे. कुत्री पोरांच्या अंगावर जात असतील तर ते अर्जात स्पष्ट लिहा. नुसत्या कोंबड्यांचं नुकसान हा भरपाईचा विषय आहे, आणि तो कोर्टापेक्षा पंचांसमोर लवकर सुटतो. मी तात्यांकडे पाच कोंबड्यांचे पैसे मागितले नाहीत, जाळीचा अर्धा खर्च मागितला. तो त्यांनी दिला, आणि खांब रोवायला स्वतः आले.

कुत्री कुणाच्याच मालकीची नसतील, नुसती कुणीतरी भाकर टाकतं एवढंच असेल, तर गोष्ट वेगळी. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लस ही ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची जबाबदारी, मग अर्ज सरळ त्यांच्याच नावे लिहा.

तुमच्या परड्याची जमीन माती आहे की कातळ, ते कळवा. कातळावर जाळीचं बूड वेगळं करावं लागतं, आमच्याकडे एका बाजूला कातळच आहे, तिथे कसं केलं ते सविस्तर लिहीन.