चिखल तुडवायला सगळे, छपराला सुतार

या महिन्यातल्या पत्रांत मातीच्या घरांबद्दलची पत्रं सर्वांत जास्त आहेत. त्यातली चार निवडली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण त्या पत्रातला प्रश्न बाकीच्या बऱ्याच पत्रांतही डोकावतो.

प्रश्न : वीज नाही, नळ नाही अशा जागेवर आम्ही नवरा-बायको छोटंसं मातीचं घर बांधणार आहोत. मजुरीला पैसे फारसे नाहीत, पण शिकायला म्हणून यायला वीसेक जण तयार आहेत. सगळं घर स्वयंसेवकांच्या मदतीने होईल का? सुरुवात कुठून करायची?

उत्तर : सगळं घर होणार नाही. भिंती होतील, गिलावा होईल, जमीन होईल. पाया, छप्पर आणि विजेची जोडणी यांच्यासाठी मात्र आजच पैसे बाजूला काढा आणि ती कामं जाणत्या माणसांकडूनच करून घ्या.

कामाची वाटणी करताना मी एकच बघते: चूक झाली तर ती भिजवून सुधारता येईल का? मातीची भिंत बाहेर झुकली तर ओलसर असताना फावड्याने तासता येते. वाळल्यावर लक्षात आलं, तर तेवढा भाग फोडायचा, भिजवायचा, पुन्हा तुडवायचा. माती वाया जात नाही आणि नवख्या माणसाचा धीरही सुटत नाही. तुळईचा सांधा चुकला तर तो पहिल्या वादळापर्यंत कळत नाही, आणि तेव्हा खाली कुणीतरी झोपलेलं असतं. असं काम उत्साही पाहुण्याच्या हातात देऊ नये, तो कितीही हुशार असला तरी.

आता माणसांबद्दल. शिकायला येणारा माणूस मजुरी घेत नाही, याचा अर्थ तो काहीच घेत नाही असा नाही. त्याला शिकवायचं हे तुमचं देणं आहे आणि त्याला वेळ लागतो. पाच-सहा जणांमागे एक जाणकार हवाच. त्या दिवसांत तुमच्यापैकी एकाने थापी हातातच घ्यायची नाही. ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का ते दाखवणारी वजनाची दोरी) लावून बघायचा, गारा म्हणजे भिंतीसाठी तुडवलेला चिखल हातात घेऊन दाबून बघायचा, कुणाची कंबर दुखतेय का हे विचारायचं, बस्स. दुसऱ्याचा दिवस स्वयंपाक, पाणी आणि अंथरुणं-पांघरुणं यांतच जाईल. म्हणजे घरधन्यांचे चारही हात बांधकामाबाहेर गेले. हा हिशेब आधी मांडला नाही तर दुसऱ्या आठवड्यात चिडचिड सुरू होते, आणि ती पाहुण्यांना लगेच जाणवते.

म्हणून पहिली कुदळ घराच्या पायासाठी मारू नका. आधी संडास, पाण्याची टाकी, सावली आणि झोपायची कोरडी जागा. वीस माणसांना माणशी ५० लिटर धरलं तरी रोज १,००० लिटर पाणी लागतं. गारा भिजवायचं पाणी वेगळं. पावसाचं पाणी धरणार असाल तर गणित सोपं आहे: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर. पहिल्या पावसाचं छपरावरची धूळ घेऊन आलेलं पाणी टाकीत सोडू नका. कोरडा, खताचा संडास करणार असाल तर तो विहिरीपासून निदान ३० मीटर दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला ठेवा.

त्यानंतर छप्पर. होय, भिंतींच्या आधी. पक्क्या पायावर खांब उभे करून सुताराकडून छप्पर पुरं करून घ्या आणि मग त्याखाली मातीच्या भिंती चढवा. लाकूड जास्त लागतं, खर्च वाढतो, तरीही स्वयंसेवकांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते. छपराचं ओझं खांबांवर जातं, नवशिक्यांनी रचलेल्या भिंतीवर येत नाही. अवकाळी सर आली तरी ओली भिंत वाहून जात नाही. आणि माणसं दिवसभर सावलीत राहतात, याची किंमत काम सुरू झाल्याशिवाय कळत नाही. वळचण भिंतीपासून दोन फूट तरी बाहेर काढा, नाहीतर पागोळ्यांचं पाणी उडून भिंतीचा तळ खातं. जोतं दगडाचं किंवा भाजक्या विटांचं, दीड फूट उंच.

घर मात्र लहान ठेवा. १० मीटर लांब, अडीच मीटर उंच आणि ४५ सेंटिमीटर जाड अशी एकच भिंत धरली तरी सव्वाअकरा घनमीटर माती लागते. वाळल्यावर तिचं वजन साधारण २० टन भरतं. हे सगळं कुणाच्या तरी पायांनी तुडवायचं आणि घमेल्यांनी वर पोचवायचं आहे. नकाशावर एक खोली वाढवायला पेन्सिलीच्या चार रेघा लागतात; ती खोली तुडवताना गुडघे बोलायला लागतात. घमेलं काठोकाठ भरू देऊ नका. माणसांची साखळी करून लहान लहान गोळे हातोहात पुढे दिले तर काम तितकंच होतं, पाठी वाचतात आणि गप्पाही रंगतात.

भिंतीचा थर एका वेळी दीड-दोन फुटांहून उंच चढवायचा नाही. तो ओला असताना वर आणखी भार टाकला तर खालून पोट सुटतं. हवा कोरडी असेल तर काही दिवसांत, दमट असेल तर आठवड्याहूनही जास्त वेळाने पुढचा थर घेता येतो. मग वीस जणांना सलग महिनाभर बोलावून करणार काय? दहा-बारा जणांची तुकडी दोन आठवड्यांसाठी बोलवा, मग मध्ये खंड ठेवा. वाळणाऱ्या भिंतीकडे बघत बसायची वेळ आली तर हाताशी दुसरं काम तयार असू द्या: कच्च्या विटा पाडणं, पेंढा चिरणं, गिलाव्याचे नमुने लावून बघणं.

दिवसाचे तास किती, हे लोक संकोचाने विचारत नाहीत, म्हणून मीच सांगते. वूफ ही शेतावरच्या स्वयंसेवकांची चळवळ १९७१ साली इंग्लंडमध्ये सुरू झाली. तेव्हापासून राहण्या-जेवणाच्या बदल्यात रोज चार ते सहा तास काम असा रिवाज जगभर रुळला आहे. मातीकामात मी पाचच्या पुढे जात नाही. सहाव्या तासाला घसरतो तो पाय, आणि चुकतो तो ओळंबा.

खूप हातांनी मातीचं काम कसं चालतं याचं मला फार आवडणारं उदाहरण मालीमधल्या जेने गावाचं आहे. तिथल्या मोठ्या मशिदीची आजची इमारत १९०७ ची, पूर्ण मातीची. सारं गाव दरवर्षी एकत्र येऊन तिला नवा गिलावा करतं. तरुण मुलं टोपल्यांतून चिखल धावत आणतात, बायका-मुली पाणी आणतात, आणि कुठे किती लावायचं हे गावचे परंपरागत गवंडी ठरवतात. भिंतींतून बाहेर आलेली ताडाची लाकडं शोभेची वाटतात, पण गिलाव्याच्या वेळी तीच परांची होते. म्हणजे पुढच्या डागडुजीची सोय बांधतानाच केलेली आहे. तुमच्या घरालाही दर काही वर्षांनी लिंपण लागणार. शिडी कुठे टेकेल, जुन्या गिलाव्याची माती कुठून आणली होती, त्यात पेंढा किती होता, हे एका वहीत आजच लिहायला घ्या.

कागदपत्रांचं थोडक्यात: बांधकामाची परवानगी आधी. अपघात झाला तर खर्च कोण करणार, विमा आहे का, हे बोलावतानाच स्पष्ट लिहा. परदेशातून कुणी येणार असेल तर पर्यटक व्हिसावर असं काम करायला अनेक देशांत मनाई असते, राहण्या-जेवणाच्या बदल्यात असलं तरी. ते तपासल्याशिवाय होकार देऊ नका.

प्रश्न : जागेतलीच माती वापरता येईल की बाहेरून आणावी लागेल? प्रयोगशाळेत तपासायलाच हवी का?

उत्तर : वरचा काळपट, मुळं-पाचोळ्याचा थर बाजूला काढून बागेसाठी ठेवा. तो भिंतीत कुजतो. त्याखालची माती पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश भरा, वर पाणी आणि चिमूटभर मीठ, खूप हलवा आणि ठेवून द्या. वाळू एक-दोन मिनिटांत तळाशी बसते, गाळ काही तासांत, आणि चिकणमातीला दिवसभर किंवा जास्त लागतं. चिकणमाती पंधरा ते पंचवीस टक्क्यांच्या आसपास असेल तर काम बरंचसं झालंच. कमी-जास्त असेल तर वाळू किंवा चिकणमाती बाहेरून आणून मिसळता येते.

बाटली फक्त अंदाज देते. माझा विश्वास नमुन्याच्या विटांवर. वाळूचं प्रमाण बदलत पाच-सहा तऱ्हेच्या विटा पाडा, प्रत्येकीवर प्रमाण कोरा आणि सावलीत वाळू द्या. भेगा पडल्या तर वाळू आणि पेंढा वाढवा. कोपरा बोटाने चुरगळला तर चिकणमाती कमी आहे. पूर्ण वाळलेली वीट कमरेच्या उंचीवरून टाकून बघा, एक रात्र पावसात ठेवून बघा. हे काम स्वयंसेवकांच्या पहिल्या तुकडीला द्या. ज्याने स्वतः सहा विटा पाडून फोडल्या त्याला गारा ओळखायला पुन्हा शिकवावं लागत नाही. मोठ्या इमारतीला किंवा भूकंपाच्या पट्ट्यात मात्र प्रयोगशाळा आणि अभियंता दोन्ही हवेत.

प्रश्न : वीजजोडणी न घेता राहायचं तर सोलर पॅनेल किती लागतील?

उत्तर : पॅनेलपासून मोजायला सुरुवात केली की आकडा नेहमी चुकतो. रोजच्या वापरापासून मोजा. नऊ वॉटचे पाच दिवे पाच तास म्हणजे २२५ वॉट-तास. लॅपटॉप २००. कमी विजेचा ३० वॉटचा पंखा दहा तास, ३००. फ्रिज हवाच असेल तर साधारण १,०००. बेरीज १,७२५. बॅटरी आणि इन्व्हर्टरमधली घट धरली तर २,३०० च्या आसपास. वर्षातल्या सर्वांत कमी उन्हाच्या महिन्यात तुमच्याकडे भर उन्हाचे चार तास मिळत असतील तर सहाशे वॉटचं पॅनेल लागेल, दोनच मिळत असतील तर दुप्पट. बॅटरी दोन ढगाळ दिवस पुरेल एवढी घ्या. लिथियम लोह फॉस्फेटची बॅटरी ऐंशी टक्के रिकामी केली तरी चालते, शिसे-आम्लाची निम्म्याखाली नेली तर लवकर मरते. पाणी तापवणं आणि खोली गरम करणं या बॅटरीवर टाकू नका.

इथे मातीच्या भिंतीबद्दलचा एक गैरसमज काढायला हवा. जाड मातीची भिंत उष्णता साठवते आणि उशिरा आत सोडते, म्हणून दिवस तापणाऱ्या आणि रात्र थंड होणाऱ्या जागी ती सुखाची. पण ती उष्णता अडवत नाही. सलग महिनेच्या महिने थंडी असेल तिथे भिंतीत पेंढ्याच्या गठ्ठ्यांसारखं काहीतरी लागतंच, नाहीतर कितीही जळण पुरणार नाही.

बांधकाम चालू असतानाचा वापर वेगळा मोजा. वीस जणांचे फोन रोज चार्ज करायचे म्हणजे वरच्या दिव्यांहून जास्त वीज जाते.

प्रश्न : मी एका घराच्या कामाला स्वयंसेवक म्हणून गेले होते. चुन्याचा गिलावा उघड्या हातांनी लावायला सांगितला आणि हात भाजले. "सवय होते" असं उत्तर मिळालं. माझंच काही चुकलं का?

उत्तर : तुमचं काहीही चुकलं नाही. चुन्याची सवय होत नाही. ओला चुना तीव्र क्षारधर्मी असतो, कातडी आणि डोळे जाळतो. हातमोजे, डोळ्यांवर बंद चष्मा, पूर्ण बाह्या आणि जवळ स्वच्छ पाण्याची भरलेली बादली, एवढं ज्याच्याकडे नाही त्याने चुन्याचं पोतं उघडू नये. डोळ्यात उडाला तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने धुवायचं आणि थेट डॉक्टरकडे जायचं. कळीचा चुना विझवताना पाण्यात थोडा थोडा चुना टाकतात. चुन्यावर पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. हे विझवण्याचं काम मी स्वयंसेवकांना देतच नाही आणि लहान मुलांना त्या बाजूला फिरकूही देत नाही. मुलांसाठी मातीचा गिलावा आहे, त्यात ती कोपरापर्यंत बुडाली तरी चालतात.

पुढच्या वेळी निघण्याआधी यजमानांना लिहून विचारा: शिकवणार कोण, रोज किती तास, झोपायचं कुठे, कुठल्या वस्तू हाताळायच्या, हातमोजे-चष्मे तिथे आहेत का, जवळचा दवाखाना किती अंतरावर. सरळ उत्तर आलं नाही तर जाऊ नका.