हरल्यावर लगेच टीव्ही बंद करू नकोस

एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) नव्याने बघतोयस ना, मग सामन्याइतकंच हरलेल्या क्वार्टरबॅकच्या (पास फेकून संघाची चढाई चालवणाऱ्या खेळाडूच्या) पत्रकार परिषदेकडेही लक्ष दे. सुरुवात 23 जानेवारी 2022 च्या बफेलो-कॅन्सस सिटी प्लेऑफपासून (बाद फेरीच्या सामन्यापासून) कर. बफेलोचा क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलनचे चार टचडाउन (सहा गुणांचे) पास, 13 सेकंद उरले असताना बफेलो तीन गुणांनी पुढे, तरी कॅन्सस सिटीने बरोबरी साधली. जादा वेळेत बफेलोने नाणेफेक गमावली, कॅन्सस सिटीने पहिल्याच चढाईत टचडाउन केला, तेव्हाच्या नियमाने सामना तिथेच संपला आणि अ‍ॅलनच्या हाती चेंडू आलाच नाही! 42-36 ने हार. नियमावर खापर फोडायला याहून सोपी वेळ कुठली? (प्लेऑफसाठी तो नियम त्याच वर्षी बदललासुद्धा.) पण अ‍ॅलन म्हणाला, नाणं उलटं पडलं असतं तर जल्लोष आम्हीच केला असता. मला तो तिथे फार मोठा वाटला. तुझी टीम हरली की पंचांना शिव्या घालण्याआधी तिचा क्वार्टरबॅक काय बोलतो ते ऐकून घे.